लाल धावदोरा

आधीच सांगून टाकते, मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. लोक असं कबूल करत नाहीत, मी करते. आणि हेवा म्हणजे थोडाथोडका नाही. सकाळी तिच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला तरी माझ्या पोटात दुखायला सुरुवात व्हायची.

मी शिवणकाम करते. बावीस वर्षं झाली. पडदे, शाळेचे गणवेश, पँटी खालून दुमडून देणं, बॅगांच्या चेना बदलणं, समोर येईल ते. एके काळी आमच्या गल्लीत कुणी नवा कपडा घालून बाहेर पडलं की समोरचा थांबून विचारायचा, "कुणाच्या हातची शिवण?" आणि उत्तर यायचं, "मोठीच्या." मोठी म्हणजे मी, घरातली मोठी सून. सासूबाई तशी हाक मारतात म्हणून अख्खी गल्लीच मारते. त्या एका प्रश्नावर मी बावीस वर्षं पाय हलवलेत मशीनवर. माझं मशीन पुढच्या खोलीत, दाराला खेटून. येणाराजाणारा माझ्या कापडावरून पाय टाकून जातो आणि वर म्हणतो, "अरे, दिसलंच नाही."

मागची खोली मला हवी होती. मोठी खिडकी, दुपारपर्यंत उजेड, कापायला जमिनीवर ऐसपैस जागा. सासरे गेल्यावर मी तीनदा विषय काढला. सासूबाई तिन्ही वेळा "बघू" म्हणाल्या. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली आणि दोन महिन्यांत खोली तिला. का, तर तिच्या कामाला आडोसा लागतो, ठिणगीबिणगी उडते. म्हणजे माझ्या कामाला काही लागत नाही! मी काय, जिन्याखालीसुद्धा शिवीन.

तिचं काम म्हणजे बॅटऱ्या. आमचे भावजी, म्हणजे तिचा नवरा, सायकलींना मोटर बसवून देतात, आणि त्या मोटरींना लागणारा बॅटरीचा पॅक ही घरी तयार करते. जुन्या गाड्यांमधून काढलेले चपटे सेल विकत आणते. चंदेरी पाकिटंच ती, वहीएवढी. एकेक मीटरवर तपासायचा, सारख्या ताकदीचे निवडायचे, एकावर एक रचायचे, जोडायचे, गुंडाळायचे. बोटं चपळ आहेत तिची, ते नाकारत नाही मी. पण गिऱ्हाईक यायचं माझ्या दारात आणि मला विचारायचं, "बॅटरीवाल्या बाई आहेत का?" मी मशीनवर बसलेली, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि मला विचारतात त्या आहेत का! माझ्याच घरात मी पहारेकरीण झाले होते.

सासूबाई तर तिच्या नावानं नुसत्या फुलायच्या. शेजारणीला सांगायच्या, "आमची धाकटी वीज साठवते." मी बावीस वर्षं गल्लीची अब्रू झाकली, त्याचं काही नाही.

पॅकची कव्हरं मात्र मी शिवायची, असं सासूबाईंनी ठरवलं. घरात मशीन असताना बाहेर कशाला? पहिल्या दिवशी धाकटी काळं रेक्झिन आणि मापं घेऊन आली.

"वहिनी, तीन बाजू मशीनवर घ्या, एकदम पक्क्या. पण पॅक आत घातल्यावर ही चौथी बाजू हातानं बंद करा. साधा धावदोरा. लाल दोऱ्यानं."

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धावदोरा म्हणजे लांब लांब टाक्यांची कच्ची शिवण. पक्की शिवण मारेपर्यंत कापड हलू नये म्हणून घालतात आणि नंतर ओढून काढून टाकतात. तयार मालात धावदोरा ठेवणं म्हणजे हजामत अर्धी करून माणूस बाहेर पाठवणं. आणि तोही काळ्यावर लाल!

"का गं?" मी विचारलं.

"त्याचं काय आहे, आतला सेल जर..."

"राहू दे," मी म्हटलं. "तू तुझी वीज साठव. मला शिवण शिकवू नकोस."

ती हसली. "बरं, वहिनी. पण धावदोराच हं." भांडायची नाही कधी. भांडली असती तर निदान मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं, हिला माझं काम कच्चं दाखवायचंय, दुसरं काय? पण रागातसुद्धा मला वाईट शिवता येत नाही. टाका न् टाका सारख्या लांबीचा, दोरा ना सैल ना ताठ. प्रत्येक पॅकचा घेर मी माझ्या वहीत लिहून ठेवायची, गणवेशाची मापं लिहिते तशी. असे महिने गेले, पॅक जात राहिले.

मग एक दिवस शाळेतल्या बाई आल्या. हातात पॅक, लाल दोरा मधोमध तुटलेला.

"उसवलं हो हे," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलंच होतं, दोरा तुटला की लगेच घेऊन या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांगितलंच होतं! म्हणजे मोठीची शिवण तुटणारच, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ही मोकळी! धाकटी तेव्हा सेल आणायला बाहेर गेली होती. मी म्हटलं, "त्यांची कशाला वाट बघता? बसा, आत्ता देते." चामडं शिवायची सुई काढली, जाड काळ्या दोऱ्याला मेण लावलं, आणि टाक्याला टाका भिडवून चौथी बाजू बंद केली. कडा जुळायला जरा ओढाव्या लागल्या, ओढल्या. वर म्हटलं, "आता हत्ती बसला तरी उसवणार नाही." बाई खूश होऊन गेल्या. धाकटीला मी चकार शब्द सांगितला नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टमन. तोच प्रकार, तुटलेला लाल दोरा. या वेळी धाकटी मागच्या खोलीत होती, तिच्या मीटरचा टीं टीं आवाज मला ऐकू येत होता. हाक मारली असती तर तीन पावलांत आली असती. मी नाही मारली. कडा जुळेनात म्हणून रेक्झिनची पट्टी आडवी लावली आणि दुहेरी दोऱ्यानं शिवून दिलं. मनात म्हटलं, माप चुकीचं देते आणि खापर माझ्यावर.

तिसरी आली नर्स. सासूबाईंचा रक्तदाब बघायला दर सोमवारी येते तीच. सासूबाईंचं झाल्यावर जाताना तिनं पॅक माझ्यासमोर ठेवला. दोरा नुसता तुटला नव्हता, टाक्यांची भोकं फाटून लांब झाली होती. माझ्या हातची भोकं अशी कधी फाटलेली मी पाहिली नव्हती. म्हणून वही काढली. नर्सच्या पॅकचा घेर एकवीस इंच. टेप लावला, सव्वाबावीस.

परत लावला. सव्वाबावीस.

आता कापड आटतं, वाढत नाही. रेक्झिन तर दोन्ही करत नाही. मी हातानं दाबून बघितलं. आत कडक चौकोन हवा, तिथं उशी लागली.

फुगलेला सेल म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आमच्या परसात वाळूचा डबा आहे, धाकटी नवीन मालातले फुगके सेल शोधून त्यात टाकते. एकदा ती सासूबाईंना समजावत होती, मी ऐकत नाही असं दाखवत ऐकत होते. "आई, याच्या आत वायू धरलाय. याला दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि घरात ठेवायचं नाही. एकदा पेटला की आवरत नाही."

खरं सांगते, मला आनंद झाला. असा आनंद, की कान गरम झाले. माझी शिवण कच्ची नव्हती! हिचा माल फुगत होता! आणि गुरुवारी कुरिअरवाले साहेब यायचे होते, त्यांच्या सगळ्या सायकलींसाठी पॅक बघायला. घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मी तिथल्या तिथं ठरवलं. गुरुवारी, साहेबांसमोर, सासूबाईंसमोर, टेप आणि वही घेऊन उभी राहीन. होऊन जाऊ दे.

"ताई, होईल ना लवकर?" नर्स म्हणाली. "घरी जाऊन चार्जिंगला लावायचाय. प्लग वडिलांच्या खाटेखालीच आहे, तिथंच ठेवते मी. ते बिचारे उठत नाहीत, त्यांना काही अडचण नाही."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. मनात म्हटलं, तीनच दिवसांचा प्रश्न आहे, तीन दिवसांत काय होतंय! आणि कडा जुळत नव्हत्या म्हणून पॅकवर गुडघा टेकवून मी तो दाबला, आणि दुहेरी मेणाच्या दोऱ्यानं, दोन ओळींत, शिवून दिला.

पुढचे तीन दिवस मी गुणगुणत होते. आमचे हे म्हणाले, "काय गं, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "लागेल गुरुवारी."

गुरुवारी साहेब आले. जाडजूड, मवाळ माणूस, कपाळ पुसत पुसत बोलणारा. मागच्या खोलीत सगळे बसले, साहेब, भावजी, सासूबाई. मी चहा घेऊन गेले आणि परत आले नाही, दाराशी उभी राहिले. गळ्यात टेप, काखेत वही.

साहेबांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "बाई, माझी माणसं दिवसभर ह्याच्यावर बसणार. उद्या आत काही बिघडलं तर त्यांना कळणार कसं?"

मी पाऊल पुढे टाकलं. पण धाकटीनं टेबलावरचा पॅक उचलून त्यांच्यापुढे धरला.

"हे बघा साहेब. तीन बाजू पक्क्या आहेत, पण ही चौथी बघा, लाल धावदोरा. आत सेल फुगायला लागला की सगळ्यात आधी हा दोरा तुटतो. माणसाला मीटर कळत नाही, पण तुटलेला लाल दोरा कुणालाही कळतो. माझं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगणं असतं, दोरा तुटला की चार्जिंग बंद आणि पॅक घेऊन माझ्याकडे."

माझ्या काखेतली वही घसरली. मी ती कोपरानं दाबून धरली.

"आणि हा दोरा कुणीही घालून चालत नाही," ती पुढे म्हणाली. "ताठ झाला तर उगाच तुटतो, सैल राहिला तर तुटतच नाही. आमच्या वहिनी घालतात हा. त्यांच्या हातात असा काही ताण आहे ना साहेब, मी चाचणीला मुद्दाम फुगका पॅक शिवून घेतला होता. पाव इंच फुगला आणि तुटला. पॅक माझा आहे, पण भरवसा वहिनींच्या हाताचा आहे."

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. मला बघून! साहेबांनी मान वळवली. "अस्सं? तुमच्या हातची शिवण का ही?"

बावीस वर्षांत इतक्या मोठ्या माणसानं मला हे विचारलं नव्हतं. आणि मी गळ्यातला टेप काढून मुठीत गुंडाळला.

"आतापर्यंत किती परत आले?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा काय खुलला होता! "विचारा ना वहिनींना. पुढच्या दाराशी त्याच असतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. "एकही नाही" म्हटलं असतं तर विषय मिटला असता. ऑर्डर तिला, कौतुक मला. आणि उद्या काही झालं असतं तर पॅक तिचा, नाव तिचं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आलं नाही असं म्हणणार नाही. पण त्याच वेळी मला माझा गुडघा आठवला, पॅकवर टेकवलेला. आणि खाट.

"तीन," मी म्हटलं.

"काय तीन, वहिनी?"

"तीन परत आले. दोरा तुटून. मी शिवून दिले परत. पक्के. तुला सांगितलं नाही."

मग सासूबाई म्हणाल्या, "मोठे, काय बोलतेस तू हे?" साहेबांनी कप बशीत ठेवला, कपाळ पुसलं, "मी नंतर फोन करतो" म्हणाले आणि उठले. भावजी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. साहेबांचा फोन काही येणार नव्हता, हे मलाही कळलं.

धाकटी ओरडली नाही. तिचा चेहरा रेक्झिनसारखा ताठ झाला होता, तेवढंच. "कुणाचे?" तिनं विचारलं.

मी नावं सांगितली. तिनं दोन फोन लावले. शाळेतल्या बाईंना आणि पोस्टमनला सांगितलं, पॅक सायकलवरून काढा, मोकळ्यावर ठेवा, हात लावू नका, भावजी निघालेत. नर्सचा फोन वाजत राहिला, ती कामावर होती.

"तिच्या वडिलांच्या खाटेखाली आहे," मी म्हटलं. "चार्जिंगला."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. "बसा मागे," ती म्हणाली.

तिच्या सायकलवर मी कधी बसले नव्हते. मानच आड यायचा. त्या दिवशी बसले, कॅरिअर घट्ट धरून. खाली बघितलं तर तिच्या पॅकवर लाल दोरा दिसत होता, अख्खा, सरळ. माझाच.

नर्सचं घर म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दार नुसतं लोटलेलं. म्हातारा खाटेवर आडवा, उशाशी रेडिओ चालू. खाटेखाली चार्जरचा दिवा लागलेला. धाकटीनं आधी प्लग ओढला, मग हाताची उलटी बाजू पॅकला लावली आणि लगेच काढली.

"गरम आहे. आधी बाबांना उचला."

आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्चीसकट बाहेर नेलं. ते आपले विचारतायत, "तपासणी आहे का?" धाकटी परत आत गेली आणि तव्यावरची भाकरी आणावी तसा पॅक कढईच्या झाकणावर घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "मी नेते." ती म्हणाली, "बाजूला व्हा." मोकळ्या मातीत, सगळ्यांपासून लांब, तिनं तो ठेवला. माझ्या टाक्यांमध्ये तो असा आवळलेला होता, की दोन्ही बाजूंनी पोट काढल्यासारखा दिसत होता. पण शिवण जागची हलली नव्हती.

तो निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो, अर्धा तास तरी. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "तिन्ही एकाच खेपेचे सेल होते. पहिला दोरा तुटला तेव्हा कळलं असतं तर उरलेले दोन मी त्याच दिवशी परत मागवले असते."

"मला वाटलं, तू माझ्या शिवणीला नाव ठेवतेस."

"तुमच्या शिवणीवर तर सगळं उभं केलं होतं मी, वहिनी," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पॅक निवला. फुगलेला सेल सुटा करायला तारा सोडवायच्या तर आधी कव्हर निघायला हवं. मी कनवटीची ब्लेड काढली. तिनं माझं मनगट धरलं. "ब्लेड नाही. सेलला टोचलं तर संपलं. सुईनं काढा. एकेक टाका."

मग मी मातीत मांडी घालून बसले आणि स्वतःचीच शिवण उसवायला लागले. टाक्याला टाका भिडवलेला, दुहेरी दोरा, वर मेण, दोन ओळी. सुईचं टोक शिरायलासुद्धा जागा ठेवली नव्हती मी. बोटं घामानं सटकत होती. पहिले दहा टाके काढायला किती वेळ लागला कोण जाणे. धाकटी शेजारच्या घरातून मागून आणलेली वाळूची बादली घेऊन बाजूला उभी होती, आणि जरा लांब खुर्चीत म्हातारा मान पुढे काढून बघत होता.

"फार मजबूत शिवलंय हो," तो म्हणाला. "हल्ली असं काम बघायला मिळत नाही. कुणाच्या हातची शिवण?"

धाकटी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत.

"माझ्या," मी म्हटलं, आणि पुढच्या टाक्याखाली सुई घातली.